सुनेचं उत्तर

सातव्या महिन्याच्या तपासणीला आलेल्या सुनेच्या कार्डावर ‘अंगावरून पांढरं जातं का?’ यापुढे तीनदा ‘नाही’ लिहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर सासूनेच दिलेलं. नर्सने आज सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, पडदा ओढला नि विचारलं, “आता तू सांग, पोरी.” “जातं, ताई. खाज सुटते, वास येतो. बाळाला काही होईल?” “अंगावर काढलंस तर वेळेआधी यायची घाई करेलही. म्हणून आजच बंदोबस्त करू.” तपासायला घेतलेल्या स्रावाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू वळवळताना दिसले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या नवराबायको दोघांना लिहिल्या. “ते घेणार नाहीत,” सून घाबरली. “सासूबाईंनाच सांगा, त्यांचं ऐकतात.” नर्सने त्यांना आत बोलावून सांगितलं, “लेकाने गोळ्या घेतल्या नाहीत तर दुखणं परत येईल.” सासूने हात पुढे केला. “माझ्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. दे इकडे. समोर बसवून गिळायला लावते त्याला.”