ज्याची त्याची लकब

“दादा, खरं सांग, येऊ ना तुझ्या कंपनीत?” करारावर अंगठा धरून केतकीने विचारलं.

मुकुलला ‘नको’ म्हणायचं होतं. पण कंपनीचा विषय निघताच त्याच्या गळ्यात बसवलेली चिप बोलू लागली. तिची वाक्यं सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी सारखीच होती. ती पाठ केल्यासारखी वाटू नयेत म्हणून ज्याची त्याची लकब तेवढी ठेवली होती. मुकुलचं तोतरेपण ठेवलं होतं.

चिपला अडवायला त्याने तेच धरून ठेवलं. “आमच्याकडे प्रत्येकाला मो... मो... मोकळे...” घाम फुटला तरी तो वाक्य पुढे जाऊ देईना.

“अडकली गाडी!” केतकी हसली, मग गहिवरली. “मनापासून बोलतोस तेव्हाच असा अडखळतोस तू.” तिने अंगठा टेकवला.

“स्वागत आहे,” मुकुलचा गळा म्हणाला. आता लकबीची गरज उरली नव्हती; तो कुठेच अडखळला नाही.