अकरा चाळीसची खूण

नोंदवालीनं कागदाची पट्टी उलटी धरून पाहिली, मग सुलटी. दोन्हीकडून ती सारखीच वेडी दिसत होती.

आदल्या रात्री एका वाहिनीनं नव्या विनोदी मालिकेचे सहा भाग ओळीनं दाखवले होते. लोकांना कुठे कुठे हसू येतं, हे वाहिनीला जाणून घ्यायचं होतं. म्हणून नोंदवालीनं या घरात बटणाची दोन यंत्रं ठेवली होती, एक नवऱ्याकडे, एक बायकोकडे. नियम सोपा होता. बरं वाटलं की बटण दाबायचं. का वाटलं, ते कुणी विचारणार नाही. यंत्र फक्त वेळ छापतं.

बायकोची पट्टी शहाण्यासारखी होती. हशा कुठे पिकायला हवा याचा छापील तक्ता नोंदवालीजवळ होता. त्याला धरून, पण जरा हात राखूनच, एकोणीस खुणा. शाळेत ग्रंथपाल असलेल्या बाईकडून याहून जास्त उधळपट्टी झाली नसती. नवऱ्याच्या खुणा पाच. पाचही तक्त्याबाहेर. एक चक्क जाहिरातीच्या वेळी. एक नायकाच्या आईला दवाखान्यात नेत होते तेव्हा. आणि शेवटची अकरा चाळीसला. मालिका साडेअकराला संपली होती.

झोपेत बोट पडलं असेल, असं नोंदवालीनं सुचवलं. नवरा म्हणाला, नाही, टक्क जागा होतो. मग नायक काय धंदा करतो, असं तिनं विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, दातांचा डॉक्टर असावा. नायक सहाही भाग बेकरीत केक भाजत होता. हा माणूस चष्मे करायचा. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून याची हयात गेली, आणि समोरचा टीव्ही याला दिसला नाही.

बायकोला या प्रकरणात रस नव्हता. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. दुपारी चारच्या गाडीनं ती बदलीच्या गावी निघाली होती आणि परतीचं काही बोलली नव्हती. बदलीचं पत्र आलं तेव्हा नवऱ्यानं ते आठ दिवस चष्म्याच्या फ्रेमांच्या खणात दडवून ठेवलं. ते सापडलं त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी अबोला धरला. सत्याहत्तर दिवस झाले, एक शब्द नाही, हे तिनं नोंदवालीलाही आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मानकरी जसा मान सांगतो तसं. मीठ हवं असलं तरी नवऱ्याच्या थोरल्या बहिणीमार्फत अर्ज जायचा. वन्संही तो पुढे सरकवताना वर स्वतःचा शेरा मारायच्या. काल टीव्हीसमोर तिघंही बसली होती, यंत्रं मात्र दोनच.

पट्टी खोटी म्हणून फुली मारायची तर कारण लिहावं लागतं. नोंदवालीनं बायकोला गळ घातली, वेळ सांगते, तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. ग्रंथपालबाईंची स्मरणशक्ती चोख होती. लवकर सुटका व्हावी म्हणून त्या भराभर सांगू लागल्या.

आठ बावन्न. तेव्हा तिनं उठून पंखा फिरवला होता. सगळं वारं एकटीलाच लागत होतं.

नऊ वीस. टेबलाच्या अगदी कडेला पेला होता, तो आत सरकवला. कुणाचा पेला, असं नोंदवालीनं विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, यांचा.

नऊ छप्पन्न. दाढीच्या साबणाची जाहिरात. तिला हसू आलं होतं. जाहिरातीला हसलेलं धरत नसतील, म्हणून तिनं बटण दाबलं नव्हतं.

दहा एकोणीस. दवाखाना. इथे बाईंचा वेग कमी झाला. समोरच्याचा पाय अवघडलेला दिसला म्हणून तिनं स्टूल त्याच्याकडे ढकललं होतं. हातानं नाही, पायानं, हेही तिनं आवर्जून सांगितलं.

नोंदवालीला यातलं काहीच तक्त्यात बसवता येईना. पंखा, पेला, स्टूल. मालिकेत यातलं एकही नव्हतं. यंत्रच बिघडलं असणार, असं ती म्हणाली.

नवरा म्हणाला, यंत्र चांगलं आहे.

बायको आता पट्टीकडे बघत होती. दुसऱ्याच्या घरातली पण आपल्या अक्षरातली चिठ्ठी हाती लागावी, तसा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं मान झटकली. अकरा चाळीसला काहीच झालं नव्हतं, ती ठामपणे म्हणाली. टीव्ही तिनंच बंद केला होता. पुस्तक जागेवर ठेवलं. दिवा मालवायला गेली. बस.

"दिव्याशी थांबून ही म्हणाली," नवरा नोंदवालीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "डोळे लाल झालेत, झोपा आता."

नोंदवालीनं पेन उचललं आणि काय लिहावं ते न कळून परत ठेवलं.

"ते मी वन्संना म्हणाले," बायको म्हणाली. जरा घाईनंच.

वन्सं आतल्या दारात बसून उसवलेली उशी शिवत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"मला मध्ये घालू नकोस," त्या म्हणाल्या. "मी साडेदहालाच आत जाऊन झोपले होते."