नुसतं बटण दाबायचं

“आत गेल्यावर फक्त खरं ते सांग,” चिमणीने पुन्हा एकदा बजावलं. मावशीने मान डोलावली आणि दोन्ही हात मांडीखाली सरकवून बसली.

हॉस्पिटलच्या मनुष्यबळ विभागाबाहेरचा हा बाक. मावशी इथल्याच लाँड्रीत कामाला होती, चिमणीची आई गेली तेव्हापासून. तिच्याच पगारावर चिमणी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी करत होती. शेवटचं वर्ष, आणि विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. आमची पोरगी साहेब होणार, असं मावशी लाँड्रीभर सांगत सुटायची. आणि या होऊ घातलेल्या साहेबानेच मावशीच्या पोटावर पाय दिला होता.

त्याचं झालं असं. कॉलेजने प्रकल्प दिला होता. कुठलंही एक काम घ्या, ते नेमकं काय आहे, अंगमेहनत किती, माणसं किती लागतात, ते लिहून आणा. पुस्तकात स्पष्ट म्हटलं होतं की काम डोळ्यांनी बघा, करणाऱ्याला विचारा आणि जमलं तर स्वतः करून बघा. चिमणी बघायला निघाली, तर मावशीने दारातच अडवलं. तिथे आजाऱ्यांच्या चादरी असतात, परीक्षेच्या तोंडावर अंथरूण धरशील म्हणाली. मग चिमणीने घरीच, चहा पिता पिता, तिला विचारलं. मावशीने इतकी वर्षं सांगितलं तेच सांगितलं. कसलं काम गं, मशीन सगळं करतं, आपण नुसतं बटण दाबायचं आणि खुर्चीत बसायचं. रात्री ती खांद्याखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची, ते म्हणे हवा बाधते म्हणून. चिमणीला कधी शंका आली नाही. येणार कुठून, लहानपणापासून हेच ऐकलेलं. ‘प्रत्यक्ष पाहणी’च्या रकान्यातही तिने तेच उतरवलं.

वर्गात तिचा प्रकल्प पहिला आला. हॉस्पिटलच्या मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी एक प्रत मागून घेतली, पोरीचं तोंडभरून कौतुकही केलं. महिना उलटतो न उलटतो तोच ठरलं, की लाँड्रीत त्या मशीनवर दोघी कशाला, एक पुरे. मावशी वयाने थोरली, म्हणून घरी बसायचं तिने.

तेव्हा कुठे चिमणी धावत लाँड्रीत गेली. आत पाऊल टाकलं आणि वाफेने तिचा श्वासच कोंडला. मशीनमधून ओल्या चादरींचा पीळ पडलेला ढीग निघत नव्हता. मावशी आणि तिची जोडीदारीण भिंतीला पाय टेकवून तो ओढत होत्या, गाडीत टाकत होत्या, ती जड गाडी दोघी मिळून ढकलत होत्या, आणि पुन्हा ओढत होत्या. खुर्ची म्हणून तिथे एकही नव्हती. चिमणीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिने साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. साहेब काही दुष्ट नव्हते. ते म्हणाले, तुझं आता मी कसं ऐकू, तूच तर लिहून दिलंस. तुझ्या मावशीला घेऊन ये. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की काम दोघींचं आहे, तर मी वर शब्द टाकतो. पण आजच, उद्या ते माझ्या हातात राहणार नाही.

म्हणून हा बाक. मावशीला तहान लागली, तशी चिमणी पाणी आणायला उठली. परतताना कोपऱ्यावर मावशीचा आवाज आला आणि ती थबकली. मावशी दारावरच्या शिपायाशी बोलत होती. खांदा पार कामातून गेलाय हो दादा, म्हणत होती. रात्री कूस बदलता येत नाही. सकाळी बोटं मिटत नाहीत, कपबशी धरायची तर दोन्ही हात लागतात. कधी कधी त्या ढिगाकडे बघूनच रडू येतं, पण करते काय.

चिमणीला ते ऐकवेना. पण हायसंही वाटलं. बोलतेय बाई एकदाची! ती पुढे आली, तशी मावशी बोलता बोलता थांबली आणि हसली. इथे किती गार आहे, तेच सांगत होते यांना, म्हणाली.

आतून घंटा वाजली. साहेबांनी बाईंना एकट्यांनाच बोलावलंय, असं शिपाई म्हणाला. चिमणी ऐकेना. हिला साहेबांपुढे बोलायची सवय नाही, मी शेजारी असले म्हणजे धीर येईल तिला. शिपायाने एकदा मावशीकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण दार उघडून बाजूला झाला.

साहेबांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. हातातलं पेन खाली ठेवलं. “बाई, मनात काही ठेवू नका,” ते म्हणाले. “लाँड्रीतलं तुमचं काम नेमकं कसं आहे?”

मावशीने सांगायला तोंड उघडलं. मग तिने शेजारी पाहिलं. चिमणीचे डोळे काठोकाठ भरले होते. मावशीने दुखरा हात कसाबसा उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

“काही नाही हो साहेब,” ती म्हणाली. “पोरगी उगाच जिवाला लावून घेते. मशीन सगळं करतं. आपण नुसतं बटण दाबायचं.”