भोकांच्या प्लेटवर

चंद्रावरच्या वसाहतीत सगळी गणितं गणक हे यंत्रच करत असे. पण गणकाला तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून नियम असा, की आराखड्यावर ज्याची सही, त्यानं पहिल्या चाचणीला स्वतः त्या बांधकामावर उभं राहायचं.

आज दोनशे मीटर खोल विवरावर चार हजार भोकांची पोलादी प्लेट बसवली होती. आराखडा कुमुदिनी टिपणीसचा, सही मुख्य अभियंता घैसासांची. तिचं नाव त्यांनी खोडलं होतं आणि नावाखालची तिची सूचनाही न वाचता खोडली होती. गणक एकेक भोक धरत नाही, प्लेट अखंड पण जरा मऊ आहे असं मानतो. मध्यभागी ते चालतं, पण काठाशी भोकं अर्धवट कापली गेलीत, तिथे ते गणित चुकतं, काठ तुटू शकतो, एवढीच ती सूचना.

वजनं चढली. मधला भाग बोटभर वाकला. काठ हललाही नाही.

"टिपणीसबाई, उभा कुठं राहू?" घैसास हसले, पण कपाळ ओलं होतं.

"मधे, सर. काठाकडे जाऊ नका."

"वा! वाकतंय तिथं मी उभा राहू? पंधरा वर्षं तुमचा राग ओळखतोय मी."

"राग आहेच, सर. तरी मधेच थांबा."

"आहे ना? झालं तर मग!"

ते काठावर गेले आणि त्यांनी बूट आपटून दाखवला. पहिली चीर एका भोकातून दुसऱ्या भोकात गेली.

"सर, मधे या!" कुमुदिनी किंचाळली.

घैसासांनी तेव्हाही आधी तिच्याकडे संशयानं पाहिलं.