साध्या फडक्याचे उंदीर

साध्या फडक्याचे उंदीरही आज कोपऱ्यात थिजून बसले होते.

तिनं पुन्हा यादी तपासली. मांजराच्या वासाचं फडकं डावीकडच्या पिंजऱ्यांत, साधं धुतलेलं उजवीकडच्या. डावीकडच्यांनी घाबरायचं, उजवीकडच्यांनी हुंदडायचं, इतका सरळ मामला. पण पडद्यावर दोघांच्याही मेंदूतले भीतीचे संदेश सारखेच उसळत होते. तीन वर्षांच्या प्रबंधावर पाणी पडायची वेळ आली होती. या प्रबंधापायी ती दोन वर्षं घरी फिरकली नव्हती; गेली ती आई गेल्यावरच.

खोली गार होती. पांढऱ्या कोटाच्या आत तिनं आईचा स्वेटर चढवला होता. मामानं आणून दिल्यापासून तो धुवायचा धीर तिला झाला नव्हता. त्याला अजून आईचा वास होता.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. "कुणाच्या घरी मांजर आहे?"

पिंजरे धुणाऱ्या मावशी पुढे आल्या. "माझ्याकडे आहे, सर."

"नियम ठाऊक होता ना?"

"होता."

त्याच दिवशी मावशींचं काम गेलं. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

पण पुढच्या आठवड्यातही उंदीर जागचे हलेनात. शेवटी ती मावशींच्या घरी गेली. एका खोलीचा संसार, आणि दारामागे उंदीर पकडायचा सापळा.

"मांजर कुठाय, मावशी?"

"मांजर असतं तर हा लागला असता का?" मावशी हसल्या. "जन्म उंदरांत गेला, घरी आले तरी तेच."

"मग खोटं का बोललात?"

"तुमच्या स्वेटरवर पिवळे केस दिसायचे, ताई. सरांना कळलं असतं तर तुमचीच गच्छंती होती. मला काय, झाडलोट कुठंही मिळेल. म्हटलं, तुम्हाला हळूच सांगू, धुवून टाका म्हणून. पण तुम्ही तो नाकाशी धरून बसायच्या. जीभच रेटली नाही."

"पण आईकडे मांजर नव्हतं," ती म्हणाली.

तिनं तिथूनच मामाला फोन लावला.

"होती की," मामा म्हणाला. "पिवळी मांजरी. ताई गेली त्याच दिवशी मी माझ्याकडे नेली, म्हणून तुला दिसली नाही. तुझं येणं थांबलं ना, तेव्हा आणली तुझ्या आईनं. तुझ्याच नावानं हाक मारायची तिला."