वाढदिवसाची आवृत्ती

अर्ज भरायची मुदत पाचला संपत होती, आणि चार वाजून दहा मिनिटांनी संस्थेचे अध्यक्ष अमृतराव स्वतःचा फोटो घेऊन लातूरच्या ऑफिसात आले.

"मंजुश्री, हा संस्थेच्या साइटवर लाव. वाढदिवस हाय माझा."

"पाचनंतर लावते, साहेब. आत्ता नर्सिंगचे अर्ज चालू हायत, लई गर्दी हाय."

"गर्दी हाय म्हणूनच की! पाचनंतर कोण कुत्रं बघतंय?"

नोकरीच होती, तिने लावला. साइटच्या सहा सारख्या प्रती एकमेकांना जोडलेल्या वेगवेगळ्या मशिनांवर चालत. बदल करायचा तर आधी एक नवी प्रत उभी राहायची, ती धड चालली तरच एक जुनी बाजूला व्हायची. पण नवी उभीच राहीना. फोटोची फाइल फ्लेक्सवाल्याकडची होती, वीस फुटी बॅनरची, होती तशी उचलून आणलेली. तिच्या वजनाने नवी प्रत मरायची, आपोआप उठायची, पुन्हा मरायची. जुन्या सहा बिचाऱ्या तेवढ्या अर्ज घेत होत्या.

फोन वाजला. इस्लापूरच्या आश्रमशाळेतल्या अधीक्षिका यशोदाबाई.

"माय, सतरा पोरी राहिल्या अजून. नुसतं गोल गोल फिरून राहिलंय. आज हुकलं तं साल गेलं लेकरांचं."

अमृतराव खुर्चीमागे उभे होते. "माझा फोटो का दिसंना?"

"नवी प्रत चालंना, साहेब. जुन्याच चालू हायत."

"मग जुन्या बंद कर की समद्या. झक मारत येती नवी."

"अन् अर्ज कोण घेईल? तुमचा फोटो?"

अमृतरावांचा चेहरा लाल झाला. "नोकरी करायची हाय का न्हाई?"

मंजुश्रीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. गर्दी वाटली जावी म्हणून तिने प्रतींचा आकडा बदलला. जुन्याच प्रती, सहाच्या अठरा.

"मी काय सांगितलो अन् तू काय करायलीस?"

"तुमी सांगितलं ते केलं न्हाई, साहेब. मुद्दाम केलं न्हाई."

अमृतरावांनी कीबोर्डकडे हात नेला खरा, पण दाबायचं काय हे त्यांना कुठे ठाऊक होतं! एकेक करत अठराही उभ्या राहिल्या.

चार अठ्ठावन्नला पुन्हा फोन आला. "झालं गं माय. सतरावी बी गेली."

पाच वाजले. अर्ज बंद झाले.

"उद्यापासून येऊ नको," अमृतराव म्हणाले.

मंजुश्रीने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. स्क्रीनवर अठरा हिरव्या ओळी होत्या, आणि खाली एक लाल. फोटोवाली प्रत अकराव्यांदा उठायची खटपट करत होती.

"हिला ठेवा कामावर," लाल ओळीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "ही तुमचं समदं ऐकती."