गळाला आलेला खजूर

अब्बास मूळचा रत्नागिरीचा, गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात, पटाईत. कतारमध्ये अल खोरला वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम जोरात चाललं होतं, तिथे तो क्रेन चालवायचा. शुक्रवारची सुट्टी मिळाली की फुजैलला घेऊन छोट्या होडीतून समुद्रात जायचा. फुजैल म्हणजे त्याच्या बायकोचा, हमिदाचा, एकुलता एक भाऊ.

त्या सकाळी वारा पूर्ण पडला होता. अब्बासने गळाला आमिष म्हणून माकूल मासळीचा तुकडा लावला, शिसं बांधलेली दोरी आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट, खाली सोडली आणि तळ लागताच हातभर वर उचलून धरली. हामूर मासा तिथेच, तळालगत फिरतो.

झटका बसला. दोरी ओढून पाहतो तर माकूल गायब, आणि गळाला एक कोलंबी नीट टोचून लावलेली.

"भाय, तुम्हीच लावली असणार," फुजैल हसला.

"कोलंबी आणलीच नाय आपण."

अब्बासने ती फेकून दिली आणि पुन्हा माकूल लावून दोरी सोडली. या खेपेला वर आला तो खजूर. टपोरा, आणि एवढ्या पाण्यातून येऊनही कोरडा.

अब्बासने खजूर दोरीसकट होडीत टाकला. आमिष कशासाठी लावतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "हात लावू नको त्याला. यल्ला, निघू या," म्हणत तो इंजिन सुरू करायला धावला.

"भाय, काय गोड आहे हो!"

अब्बासने मागे पाहिलं. उपाशीपोटी निघालेला फुजैल खजूर चघळत हसत होता. त्याच्या ओठातून केसासारखी बारीक दोरी निघून थेट पाण्यात गेली होती, आणि ती हळूहळू ताणली जात होती.